चौकोनातले काका

शेवटी आत्याने भाच्याशी बोलणं टाकलं. भांडून नाही, ओरडून नाही. नळ बंद करावा तसं टाकलं: चावी घट्ट पिळून, वर थेंब गळत नाही ना याची एकदा खात्री करून.

आता हे तुम्ही वाचलेलंच नाही असं धरून चालू. असं काही झालेलं नाही. आत्या-भाच्याचं उत्तम चाललंय. ती त्याला ठोंब्या म्हणते, तो तिला आत्यासाहेब म्हणून चिडवतो, आणि दोघं तिच्या शिलाई मशीनच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून शेजारी शेजारी बसलेत. मशीन बाजूला सरकवलंय, टाचण्यांची डबी मांडीवर आहे. घरात फक्त काका नाहीत.

काका म्हणजे आत्याचे यजमान. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यातले मजले हळूहळू इकडचे तिकडे व्हायला लागले. चहा पिऊन झाला की विचारायचे, "चहा झाला का?" आत्या म्हणायची, "झाला." ते म्हणायचे, "कोणाचा?" इथपर्यंत निभावत होतं. मग एका सकाळी आत्या कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत असताना काका "खाली जाऊन येतो" म्हणाले, चपला घातल्या आणि निघाले. खाली गेले, एवढं नक्की. येतो म्हणाले होते ते राहून गेलं.

आत्या पोलीस चौकीत गेली. तिथल्या माणसाने वर्णन विचारलं. उंची? मध्यम. बांधा? मध्यम. अंगावर काही ओळखीची खूण? आत्याने बराच विचार केला आणि म्हणाली, "घोरतात." त्याने तेही लिहून घेतलं. सरकारी माणूस नाही म्हणत नाही, लिहून घेतो.

मग तिने पत्रकं काढायची ठरवली. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनने काकांचा चेहरा असा काही छापला की तव्यावर करपलेलं काहीतरी हरवलंय असं वाटावं.

"अहो, यात चेहरा कुठाय?" आत्या म्हणाली.

"वाईट नाही आलेलं," झेरॉक्सवाला म्हणाला. "चष्मा तर स्पष्ट दिसतोय."

"हे चष्मा लावत नाहीत."

तेव्हा आत्याला युक्ती सुचली. ती त्या सुमाराला वाचनालयातल्या एका मोफत वर्गाला जात होती. 'स्वतःचं वेबपेज स्वतः बनवा' असं त्या वर्गाचं नाव होतं. शिलाईच्या कामाची जाहिरात करावी म्हणून ती जायला लागली होती, आणि तोवर तिने बटण कसं टाचावं यावर एक पेज केलेलंही होतं. तिने ठरवलं, पत्रकावर फोटो छापायचाच नाही. पेजचा पत्ता आणि फोन नंबर छापायचा. लोक मोबाइलवर पेज उघडतील, काकांचा रंगीत, स्वच्छ फोटो बघतील, आणि ओळखतील.

भाचा वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत कामाला होता. तो म्हणाला, "आत्या, मी देतो ना करून. चुटकीसरशी होईल."

"तू का? नवरा कोणाचा हरवलाय?"

"तुझा."

"मग पेज मी करणार. तू तपास. तपासायचाच पगार घेतोस ना?"

हे खरं होतं. नवीन लागलेल्या पोरापोरींनी लिहिलेला कोड तपासणं आणि त्यावर अभिप्राय देणं, हेच त्याचं काम. पूर्वी ऑफिसात त्याला खाटीक म्हणायचे. एका नवीन मुलाच्या पेजखाली त्याने एवढंच लिहिलं होतं: 'हे कोणी केलं, आणि का?' तो मुलगा जेवायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. त्याचा डबा ऑफिसच्या फ्रिजमध्ये इतके महिने राहिला की लोक त्याला सहकारी समजायला लागले. त्यावर व्यवस्थापक बाईंनी भाच्याला समोर बसवून एक नियम घालून दिला. नवशिक्याला आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या. मग दोष. एका बैठकीत एकच. उठताना पुन्हा एक चांगली गोष्ट, म्हणजे तोंड गोड होतं. दुसरा दोष कितीही डोळ्यांत खुपला तरी पुढच्या बैठकीत. "माणूस एका वेळी एकच घास गिळतो," बाई म्हणाल्या होत्या.

भाच्याने नियम असा अंगी बाणवला की वर्षअखेरीस त्याला 'सर्वात हळुवार तपासनीस' म्हणून एक कप मिळाला. कपाचा कान पहिल्याच दिवशी तुटला. तरी तो त्याच कपातून चहा प्यायचा.

तर, शिलाई मशीनचं टेबल. आत्याने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि पदराने स्क्रीन पुसला.

वर मोठ्या अक्षरांत 'हरवले आहेत'. हिरव्यागार रंगावर लालभडक अक्षरं, की बघताना अक्षरं जागची हलतायत असं वाटावं. खाली काकांचा फोटो. उघड्या लिफ्टच्या दारात, हातात पाना घेऊन, कोणीतरी काहीतरी मजेशीर बोलल्यासारखे हसतायत. त्याखाली वर्णन, तेच मध्यम-मध्यम आणि घोरतात. त्याखाली फोन नंबर.

भाच्याने पेजमागचा कोड उघडला आणि वरून खाली वाचत गेला. फोटोच्या ओळीशी त्याची नजर अडकली. फोटो कुठून आणायचा हे कोडमध्ये कॉम्प्युटरला सांगावं लागतं, आणि आत्याने सांगितलं होतं: माझ्या लॅपटॉपवर, डेस्कटॉपवर, 'आमचे' नावाच्या फोल्डरमध्ये. म्हणजे आत्याच्या लॅपटॉपवर फोटो दिसणार. दुसऱ्या कोणीही पेज उघडलं तर त्याचा मोबाइल स्वतःच्याच पोटात 'आमचे' फोल्डर शोधणार. 'साखर वरच्या फळीवर आहे' असं आपण पाहुण्याला फोनवर सांगावं आणि पाहुण्याने त्याच्या घरची फळी चाचपावी, त्यातला प्रकार.

शिकाऊ माणूस ही चूक हमखास करतो, कारण ती करणाऱ्याला स्वतःला ती कधीच दिसत नाही.

भाच्याला दिसली. त्याने त्या ओळीवर बोटाने टकटकही केलं. मग त्याने आत्याकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते, आणि ती शाळेतल्या मुलीसारखी पाठ ताठ करून निकालाची वाट बघत होती. दोष दोन होते: रंग आणि फोटो. बैठक एक होती. त्याने मनाशी हिशोब केला की पेज अजून या टेबलाच्या बाहेर गेलेलं नाही, रंगाचं आज सांगू, फोटोचं उद्या.

"आत्यासाहेब," तो म्हणाला, "अक्षर मोठं घेतलंस हे फार बरं केलंस. आणि नंबरवर बोट ठेवलं की थेट फोन लागतो, हे तर आमच्या ऑफिसातल्यांनाही सुचत नाही."

"खरं?"

"खरं. एकच सुचवतो. हिरव्यावर लाल वाचताना त्रास होतो. मागचा रंग पांढरा कर."

"एवढंच?"

"एवढंच. आणि फोटो फार छान निवडलायस."

आत्याने त्याच दिवशी रंग पांढरा केला आणि वर्गात शिकवलं होतं तसं पेज सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. तपासनिसाने पास केलं होतं, मग थांबायचं कशाला? पत्रकं छापली, थांब्याथांब्यावर, खांबाखांबावर, दवाखान्यांच्या भिंतींवर चिकटवली. लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. त्या घराण्यात लिंक उघडून बघायची पद्धत नाही, अंगठा दाखवायची आहे. भराभर अंगठे आले. एका मावसदिराने अभिनंदन केलं. भाचा तेव्हा ऑफिसात मीटिंगमध्ये होता. टेबलाखाली मोबाइल धरून त्यानेही अंगठा दाखवला.

पुढची बैठक मग पुढेच राहिली. ऑफिसात कुठल्याशा गादीच्या दुकानाची वेबसाइट वेळेत द्यायची होती, त्या गादीने कोणाला झोपू दिलं नाही. मधे एकदा आत्याचा फोन आला होता. म्हणाली, "लोक किती चावट असतात रे. एकाने फोन करून विचारलं, बाई, काय हरवलंय? म्हटलं, माझे यजमान. तर म्हणतो, असं होय, मला वाटलं फोटो."

भाच्याला ती फोटोची ओळ आठवली. तेवढ्यात गादीवाल्याचा दुसऱ्या लाइनवर फोन आला.

तो आत्याकडे गेला तो दुसऱ्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी दुपारी. आत्या पँटला चेन लावत होती. त्याला बघून म्हणाली, "ये ठोंब्या, वाळलास." त्याने चपला काढल्या आणि लॅपटॉप कुठाय असं विचारणार, तोच तिचा फोन वाजला. तिचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"हॅलो, तुमचा कागद लागलाय त्याबद्दल," पलीकडचा माणूस म्हणाला. मागे कुठेतरी इंजिन घरघरत होतं. "मी बस चालवतो. मागल्या आठवड्यात शेवटच्या थांब्याला एक आजोबा बसमधून उतरेचनात. बस रिकामी झाली तरी दाराशी उभे. मी म्हटलं, आजोबा, उतरा. तर म्हणाले, तळमजला आला का?"

आत्याच्या हातातली पँट खाली पडली.

"मग?" ती म्हणाली. "मग काय झालं?"

"मग थांब्यावर तुमचा कागद दिसला, म्हणून मी मोबाइलवर ते पेज उघडलं. बाई, मी नीट जुळवून पाहिलं हो. मोबाइल त्यांच्या तोंडाशेजारी धरला. पण पेजवर चौकोन."

"कसला चौकोन?"

"रिकामा. कोपऱ्यात फाटक्या चित्राची बारकी खूण, आणि शेजारी लिहिलेलं, 'हेच ते'. आता हेच ते म्हणजे कोणते? शेवटी मी मोबाइल त्यांच्याच हातात दिला. म्हटलं, आजोबा, हे तुम्हीच का? त्यांनी चांगला वेळ घेऊन बघितलं. नाही म्हणाले."

आत्या उठून उभी राहिली.

"मला पुढची फेरी होती. ते उतरून गोदामांच्या बाजूला गेले. जाताना म्हणाले, हिची शेवटची तपासणी कधी झाली होती? बसला असं कोण विचारतं? माझ्या मनातून जाईना, म्हणून फोन केला. ते तुमचेच होते का?"

"आमचेच," आत्या म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि पेज भाच्यासमोर धरलं. काका लिफ्टच्या दारात हसत होते.

"हा बघ, स्वच्छ दिसतोय. चौकोन काय म्हणतो तो? डोळे आहेत का बटणं?"

भाच्याने आपल्या मोबाइलवर पेज उघडलं आणि लॅपटॉपशेजारी ठेवलं. पांढऱ्या रंगावर लाल अक्षरं सुरेख उठून दिसत होती. खाली रिकामा चौकोन. 'हेच ते' हे शब्द आत्याने वर्गात शिकवल्याप्रमाणे फोटोला जोडून ठेवलेले, फोटो दिसला नाही तर त्याच्या जागी दिसायला.

आत्याने एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे. दुकानात दोन तागे ताडून बघताना पाहायची, तसं.

"तुझ्यात हे का नाहीत?" तिने विचारलं.

त्याने साखरेचं आणि फळीचं समजावून सांगितलं. तिला लगेच समजलं. शिलाईवाल्या बाईला माप कोणाचं आणि कापड कोणाचं हे दोनदा सांगावं लागत नाही.

"म्हणजे चूक माझीच," ती खुर्चीत बसत म्हणाली. "आख्खं गाव चौकोन बघत होतं आणि मी इथे बसून रोज यांचं तोंड बघत होते. मला काय कळतंय रे यातलं. तू एवढा शिकलेला, तुझ्यासुद्धा नजरेतून सुटलं, म्हणजे अवघडच असणार."

दार असं सताड उघडं होतं. भाच्याने फक्त 'हो ना' म्हणायचं होतं. तो ते म्हणणारही होता, पण त्याच्या तोंडाला सवय लागली होती, आणि सवयीने तोंड भलत्याच ठिकाणाहून सुरू झालं.

"आत्या, तू दोन गोष्टी फार चांगल्या केल्यास."

"काय?"

"नंबर ठसठशीत दिलास. आणि पत्रकं सगळीकडे लावलीस. आणि…" दोन झाल्या होत्या. आता दोषाची पाळी होती, आणि दोष तिचा नव्हता. "मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"फोटोचं. पहिल्याच दिवशी."

गल्लीत कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"मग बोलला का नाहीस?"

"एका बैठकीत एकच दोष सांगायचा असतो."

"कोण म्हणतं?"

"ऑफिसात नियम आहे. माणूस दुखावू नये म्हणून."

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. शिवण उसवताना धागा नेमका कुठून सुटला हे शोधावं, तसं बघत होती.

"म्हणजे हिरव्यावर लाल दिसत नाही, हे तू आधी सांगितलंस."

"हो."

"आणि नवरा दिसत नाही, हे नंतर सांगणार होतास."

"हो."

"बरं," आत्या म्हणाली. "आता कसं दुरुस्त करायचं ते सांग. गोड काही बोलू नकोस."

त्याने सांगितलं. फोटोही पेजसोबत चढवायचा आणि ओळीत फक्त त्याचं नाव लिहायचं. काम इतकं थोडं होतं की दोघांनाही त्याची लाज वाटली. भाच्याच्या मोबाइलवर चौकोनाच्या जागी काका उगवले, पाना घेऊन, हसत.

मग ती दोघं बसने शेवटच्या थांब्याला गेली. गोदामांची रांग होती, निम्म्यांना कुलपं. शेवटच्या गोदामाच्या रखवालदाराला आत्याने मोबाइल दाखवला. तो खुर्चीतून उठलाच.

"हे? हे इथे यायचे हो! आमची मालाची लिफ्ट मेल्या जनावरासारखी ओरडायची. हे तिच्यासमोर बसून राहायचे. एकदा माझ्याकडे पाना मागितला. मी म्हटलं, म्हातारा माणूस, रमतोय तर रमू दे. लिफ्ट बघा आता." त्याने आत जाऊन बटण दाबलं. लिफ्ट आवाज न करता वर गेली, आवाज न करता खाली आली. "गुपचूप जाते-येते. मालक विचारतात, कोणाला बोलावलं होतंस?"

"आता कुठे आहेत ते?"

"परवापर्यंत येत होते. लिफ्ट सुधारली, मग यायचे बंद झाले. काम संपलं ना." त्याने मान खाजवली. "तसा मी थांब्यावरचा कागद पाहिला होता. ते पेजसुद्धा उघडलं होतं, पण त्यात…"

आत्याने हात वर केला. "पुढचं मला माहीत आहे," ती म्हणाली.

अंधार पडेपर्यंत ती दोघं गोदामांमागची गल्ली न् गल्ली हिंडली. चहाच्या टपरीवर, गॅरेजमध्ये, दवाखान्यात विचारलं. जिथे जिथे उंच इमारत दिसली तिथे आत्या आत शिरली आणि लिफ्ट बंद पडलीय का असं तिथल्या माणसाला विचारत राहिली. सगळ्या चालू होत्या. कुठेही लिफ्ट बिघडलेली नाही याचं इतकं दुःख त्या भागात आजवर कोणाला झालं नसेल.

परतीच्या बसमध्ये भाचा म्हणाला, "आत्या, उद्या मी सुट्टी काढतो. पलीकडच्या बाजूने बघू." आत्या खिडकीबाहेर बघत होती. तो पुन्हा म्हणाला. तिने पर्समधून तिकिटं काढून तपासली आणि परत ठेवली. थांबा आल्यावर उतरली. त्याच्यासाठी थांबली नाही, त्याला मागे टाकायला भरभर चाललीही नाही. घरात शिरली आणि दार नेहमी लावते तसंच लावलं. त्याच्यासाठी वेगळा आवाजसुद्धा केला नाही.

तो दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशी गेला. ती दार उघडायची, चहा ठेवायची, आणि शिवत बसायची. तो बोलायचा, मशीन बोलायचं. काका आले नव्हते.

मग एका सकाळी ऑफिसात त्याने सवयीने पेज उघडलं. फोटो जागेवर होता. फोटोखाली आत्याने नवीन मजकूर चढवला होता, जाड चौकट घालून. त्याने आधी कोड वाचला, कारण मजकूर वाचायचा धीर होत नव्हता. कोडमध्ये रंग, चौकट, ओळींमधलं अंतर, सगळं बरोबर होतं. सांगण्यासारखा एकही दोष त्याला सापडला नाही, आणि असता तरी तो कोणाला सांगणार होता? मग त्याने मजकूर वाचला.

'जाहीर विनंती. सर्व नागरिक, बसचालक, रखवालदार, दुकानदार व पोलीस चौकी यांना कळविण्यात येते की, हे पेज खुले झाल्यापासून ते दुरुस्त होईपर्यंतच्या काळात ज्यांनी ज्यांनी ते उघडले व ज्यांना त्यात माझे यजमान दिसले नाहीत, त्यांनी सदर काळात रस्त्यात, बसमध्ये, बाकावर किंवा पायरीवर पाहिलेली सर्व वयस्कर माणसे, आता वरील फोटो शेजारी धरून, कृपया पुन्हा एकदा पाहावीत. त्यांपैकी कोणी 'हा मी नव्हे' असे सांगितले असल्यास ते ग्राह्य धरू नये. ओळख पटल्यावर त्यांना त्याच जागी, त्याच दिवशी व त्याच वेळी थांबवून ठेवावे, मी येत आहे. ही विनंती मागील तारखेपासून लागू समजावी.'